थर्मामीटर हातात घेऊन ग्रिल आणि स्मोक: नवख्यांसाठी मार्गदर्शक

ग्रिलवर मांस भाजायला शिकणारा प्रत्येक जण आधी विचारतो, "किती वेळ ठेवायचं?" मिनिटांमध्ये याचं भरवशाचं उत्तर देता येत नाही. तुकडा किती जाड आहे, फ्रीजमधून थेट जाळीवर आला का, वारा किती आहे, कोळसा नीट पेटलाय का, यातलं एक जरी बदललं तरी वेळ बदलते. घड्याळाच्या भरवशावर शिजवलेलं चिकन वरून करपलेलं आणि हाडाजवळ कच्चं निघतं ते याचमुळे. विचारायचा प्रश्न वेगळा आहे: तुकड्याच्या मधोमध या क्षणी तापमान किती आहे? तो आकडा कळला की उरलेली बहुतेक कोडी आपोआप सुटतात.

रंग बघून अंदाज बांधायची सवय सगळ्यांनाच असते आणि ती सोडायला थोडा काळ जातो. पण रंग दोन्ही बाजूंनी फसवतो. कोवळ्या कोंबडीच्या हाडातल्या मज्जेचा रंग बाहेर झिरपतो, त्यामुळे पूर्ण शिजलेल्या लेगपीसमध्येही हाडालगत लाल दिसतं. धुरावर शिजलेल्या मांसाच्या कडेला गुलाबी पट्टा येतो, कारण धुरातला नायट्रिक ऑक्साइड मांसाला लाल रंग देणाऱ्या मायोग्लोबिन या प्रथिनाला जाऊन चिकटतो. त्याचा कच्चेपणाशी काही संबंध नाही. उलट खिम्याची पॅटी पुरेशी गरम व्हायच्या आधीच आतून तपकिरी होऊ शकते, आणि ही फसगत जास्त धोक्याची. "रस पाण्यासारखा निघाला की झालं" हा ठोकताळाही तितकाच कच्चा आहे.

कोणता थर्मामीटर घ्यायचा

एकच घ्यायचा असेल तर टोचून दोन-तीन सेकंदांत आकडा दाखवणारा, बारीक टोकाचा डिजिटल थर्मामीटर घ्या. तापमान मोजणारा भाग त्याच्या अगदी टोकाशी असतो, म्हणून पातळ तुकड्यातही तो नेमकी जागा पकडतो. जुन्या पद्धतीच्या घड्याळवजा तबकडीच्या थर्मामीटरमध्ये दांडीचा बराच मोठा भाग तापमान घेतो. मोठ्या रोस्टमध्ये तो चालून जातो, पण चिकनच्या तुकड्यात अर्धी दांडी बाहेरच्या गरम थरात राहते आणि आकडा खोटा येतो. लांबून लाल ठिपका टाकणारी इन्फ्रारेड गन फक्त पृष्ठभागाचं तापमान सांगते. जाळी किती तापली ते बघायला ती छान, मांसाच्या आतलं मात्र तिला काहीच कळत नाही.

स्मोकिंग, म्हणजे लाकडाच्या धुरावर मंद आचेने शिजवणं, करायचं असेल तर दुसरं साधन लागेल: वायरला जोडलेले दोन प्रोब, म्हणजे तापमान मोजणाऱ्या धातूच्या टोकदार सळया, असलेला थर्मामीटर. एक प्रोब मांसात रोवून ठेवायचा आणि दुसरा जाळीवर, मांसापासून चार बोटं लांब लावायचा. बहुतेक ग्रिलच्या झाकणावर एक तबकडी असते, तिच्यावर फार विसंबू नका. ती झाकणाच्या उंचीवरची हवा मोजते, तुमचं मांस आहे खाली जाळीवर, आणि या दोन जागांमध्ये वीस-तीस अंशांचा फरक सहज पडतो.

नवा थर्मामीटर आधी तपासून घ्या. एक उंच ग्लास बर्फाच्या चुऱ्याने काठोकाठ भरा, बर्फ जेमतेम बुडेल इतकंच पाणी घाला, ढवळा आणि दोन-तीन मिनिटं थांबा. आता टोक मधोमध धरा, तळाला किंवा काचेला लागू देऊ नका. आकडा ० अंश यायला हवा. एखादा अंश इकडेतिकडे चालतो. नेहमी २ अंश जास्त दाखवत असेल तर तेवढे मनात वजा करत जा किंवा सोय असल्यास यंत्रातच दुरुस्त करा. उकळत्या पाण्यानेही तपासता येतं, पण १०० अंश हा आकडा समुद्रसपाटीचा आहे. साधारण दर ३०० मीटर उंचीला पाणी एक अंश आधीच उकळतं. म्हणून मला बर्फाची चाचणी जास्त पसंत आहे, ती कुठेही सारखीच लागू पडते.

प्रत्येक तुकड्याचे दोन आकडे

या सगळ्या लेखातून एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. मांस खायला सुरक्षित कधी होतं हा एक आकडा, आणि ते खायला चांगलं कधी लागतं हा दुसरा. काही तुकड्यांत हे दोन आकडे जवळजवळ असतात, काहींत त्यांच्यामध्ये तीस अंशांचं अंतर असतं.

आधी सुरक्षिततेचे आकडे. अमेरिकेच्या कृषी खात्याने दिलेली तापमानं जगभर वापरली जातात आणि नवख्याने तीच पाळावीत. कोंबडी, बदक, टर्की असं कुठल्याही पक्ष्याचं मांस ७४ अंश सेल्सिअस. मटण, पोर्क किंवा बीफचा खिमा ७१. याच मांसाचे अखंड तुकडे ६३, आणि आचेवरून उतरवल्यावर किमान तीन मिनिटं विश्रांती. मासे ६३. पोर्कच्या अखंड तुकड्यांचा आकडा आधी ७१ होता, २०११ मध्ये तो ६३ वर आणला गेला, म्हणून जुन्या पाककृतींमध्ये पोर्क जरा जास्तच शिजवायला सांगितलेलं दिसतं.

खिमा आणि अखंड तुकडा यांच्यात फरक का? जंतू बहुतेक करून मांसाच्या बाहेरच्या पृष्ठभागावर असतात. अखंड तुकड्याचा बाहेरचा भाग आचेवर भरपूर तापतो. खिमा करताना मात्र तोच पृष्ठभाग दळून आत मिसळला जातो, त्यामुळे मधला भागही तितकाच तापवावा लागतो. सुयांनी टोचून मऊ केलेलं किंवा आत मसाल्याचं पाणी सोडलेलं मांसही याच कारणाने अखंड समजू नये.

आता चवीचे आकडे. ५० अंशांच्या आसपास मांसातलं मायोसिन हे प्रथिन आवळायला लागतं आणि मांस घट्ट होतं. ६५ अंशांच्या पुढे ॲक्टिनची पाळी येते, तंतू आकसतात आणि आतलं पाणी बाहेर ढकललं जातं. चिकनची छाती ७४ ला रसाळ लागते आणि ८५ ला कोरडी ठक्क, ती यामुळेच. पण लेगपीस, खांदा, बीफच्या छातीचा चिवट भाग अशा जास्त हालचाल झालेल्या भागांत कोलॅजन, म्हणजे मांसाला चिवट करणारं प्रथिन, भरपूर असतं. ७० अंशांच्या पुढे ते हळूहळू वितळून जिलेटिन बनायला लागतं, ८० च्या वर हा वेग वाढतो, आणि त्याला तासन्‌तास लागू शकतात. हे तुकडे आपापल्या सुरक्षित आकड्याला पोहोचले तरी चिवटच लागतील, ६३ चा खांदा तर चामड्यासारखा. म्हणून चिकनची मांडी मी ७४ ला कधीच काढत नाही, ८० ते ८५ पर्यंत जाऊ देते. मोठा खांदा ९३ ते ९६ पर्यंत.

प्रोब नेमका कुठे टोचायचा

इथे बहुतेकांचा गोंधळ होतो, म्हणून जरा सावकाश. तुम्हाला तुकड्यातली सगळ्यात थंड जागा शोधायची आहे. ती सहसा सर्वांत जाड भागाच्या मध्यावर असते. टोक हाडाला टेकलं किंवा चरबीच्या गठ्ठ्यात गेलं तर आकडा चुकतो.

चिकनचा लेगपीस घ्या. मांडीच्या सर्वांत फुगीर भागात, हाडाला समांतर, टोक आत सरकवा. पडद्यावर आकडे पळताना दिसतील: कातडीखाली ८३, जरा आत ७८, मग ७१, मग ६९. तसंच पुढे गेलात की पुन्हा ७२, ७६. म्हणजे तुम्ही मध्य ओलांडून पलीकडे गेलात. आता थोडं मागे खेचा आणि जिथे सर्वांत कमी आकडा दिसेल तिथे थांबा. खरं तापमान ते, ६९. पहिल्याच टोचणीत ७८ दिसले म्हणून ताटात घेतलं असतं तर आतलं मांस ७४ च्या खालीच राहिलं असतं. ही खालीवर सरकवून बघायची सवय पहिल्या दिवसापासून लावा. जाड तुकड्यात दोन-तीन जागी टोचा आणि त्यातला सर्वांत लहान आकडा धरा.

पातळ तुकड्यात वरून टोचू नका, कडेने आडवा सरकवा. पॅटीतही कडेनेच. अख्ख्या कोंबडीत दोन जागा तपासायच्या: छातीचा सर्वांत जाड भाग, आणि मांडी जिथे अंगाला जोडली जाते ती आतली खाच. तुकडे अनेक असतील तर सर्वांत मोठा तपासून सगळे उतरवू नका. जाळीवर एक कोपरा नेहमीच थंड असतो, तिथला तुकडा तपासा.

टोचल्याने सगळा रस निघून जातो ही भीती मनातून काढून टाका. बारीक छिद्रातून चार थेंब जातात. जास्त शिजलेल्या मांसातून जे पाणी जातं त्याच्यापुढे हे काहीच नाही.

आगीचे दोन भाग

सगळ्या जाळीखाली सारखा कोळसा पसरणं ही सवय सोडा. कोळसा एका बाजूला रचा, दुसरी बाजू पूर्ण रिकामी ठेवा. एका अर्ध्यावर थेट आच, दुसऱ्यावर फक्त गरम हवा. थेट बाजू कातडी कुरकुरीत करायला आणि रंग आणायला, आणि रिकामी बाजू आतपर्यंत शिजवायला. चरबी टपकून ज्वाळा उसळल्या तरी मांस सरकवायला जागा असते. गॅस ग्रिल असेल तर एका बाजूचे बर्नर चालू ठेवा, दुसऱ्या बाजूचे बंद.

कोळसा पेटवायला चिमणी स्टार्टर वापरा, म्हणजे खालून छिद्रं असलेला उभा पत्र्याचा डबा. वर कोळसा भरायचा, खाली दोन कागद चुरगाळून पेटवायचे, आणि पंधरा-वीस मिनिटांत वरच्या कोळशांच्या कडांना राखाडी रंग येतो. तोवर थांबा. रॉकेलसारखं पेटवायचं द्रव मी वापरतच नाही. त्याचा वास मांसाला लागतो, आणि पेटत्या कोळशावर ते ओतणं तर जिवावर बेतू शकतं.

तापमान हवेच्या झडपांनी सांभाळायचं असतं. खालची झडप जास्त उघडली की हवा जास्त, आच जास्त. वरची झडप बहुतेक वेळ उघडीच ठेवा, नाहीतर धूर आत कोंडून मांसाला कडवटपणा येतो. एक कौशल्य लवकर शिकून घेण्यासारखं आहे: जाळीचं तापमान ११५ हवं असेल तर ते १०० ला पोहोचतानाच खालची झडप आवळायला सुरुवात करा. तापलेला ग्रिल थंड करणं फार कठीण जातं, थंड ग्रिल तापवणं सोपं. आणि आकडा १०५ ते १३० च्या मध्ये हेलकावत असेल तर झडपांना हात लावू नका. प्रत्येक बदलाचा परिणाम दिसायला दहा मिनिटं तरी लागतात.

पहिला प्रयोग: चिकन लेगपीस

सुरुवातीला हाच तुकडा घ्या. थोडा जास्त शिजला तरी बिघडत नाही आणि तासाभरात हातात उत्तर येतं.

१. आदल्या रात्री किंवा निदान चार तास आधी लेगपीस कागदाने पुसून कोरडे करा आणि मीठ चोळा, वजनाच्या साधारण एक टक्का, म्हणजे एक किलोला दहा ग्रॅम. फ्रीजमध्ये न झाकता, सर्वांत खालच्या कप्प्यात ठेवा. मीठ आत मुरतं, कातडी सुकते, आणि सुकलेली कातडीच नंतर कुरकुरीत होते. चिकन नळाखाली धुवू नका. त्याने जंतू जात नाहीत, फक्त शिंतोड्यांबरोबर सिंक आणि ओट्यावर पसरतात.

२. आच दोन भागांत मांडा, झाकण लावा आणि रिकाम्या बाजूच्या जाळीवर १८० ते २०० अंश येऊ द्या.

३. मसाला लावायचा तो आत्ता, पण साखर, गूळ, मध असलेलं काहीही शेवटच्या दहा मिनिटांसाठी राखून ठेवा. साखर मांसाच्या कितीतरी आधी करपते.

४. लेगपीस रिकाम्या बाजूला ठेवा, जाड भाग निखाऱ्यांच्या दिशेने. झाकण लावा. २५ मिनिटं उघडू नका. प्रत्येक वेळी झाकण उघडलं की साठलेली गरम हवा निघून जाते आणि ग्रिल पुन्हा तापायला वेळ खातो.

५. पहिलं मोजमाप घ्या. ५५ ते ६५ च्या आसपास काहीतरी दिसेल. टोचून झाल्यावर प्रोबचं टोक लगेच साबणाच्या गरम पाण्यात बुडवलेल्या फडक्याने किंवा अल्कोहोलच्या पट्टीने पुसा. कच्च्या मांसातून निघालेलं टोक तसंच शिजलेल्यात घालायचं नाही.

६. सर्वांत थंड जागी ७८ दिसले की तुकडे थेट आचेवर, कातडी खाली. दीड-दोन मिनिटं. इथून हलू नका, चिमटा हातातच ठेवा. ज्वाळा आल्या तर तुकडे रिकाम्या बाजूला सरकवा आणि झाकण लावा. हवा तुटली की ज्वाळा बसतात. चरबीच्या आगीवर पाणी कधीच मारू नका.

७. ८० ते ८५ आले की स्वच्छ ताटात काढा. कच्चं मांस ज्या ताटात होतं त्यात नाही. कच्च्या मांसाला लावलेलं मॅरिनेड वरून ओतायचं नाही. सॉस म्हणून हवं असेल तर थोडं आधीच वेगळं काढून ठेवा.

आधी मंद शिजवून शेवटी रंग आणायचा हा उलटा क्रम मुद्दाम आहे. आधी थेट आच दिली तर कातडी काळी होते आणि आतलं कच्चं राहिलंय हे लक्षात येईपर्यंत करण्यासारखं काही उरत नाही. जाड चॉप किंवा स्टेकलाही हाच क्रम छान बसतो, फक्त तिथे एक हिशोब जास्त: आचेवरून उतरवल्यावरही बाहेरची उष्णता आत शिरत राहते आणि जाड तुकड्याचा मध्य तीन ते पाच अंशांनी वर चढतो. ६३ हवे असतील तर ६० च्या आसपास उतरवा आणि प्रोब आतच ठेवून ६३ आलेले डोळ्यांनी बघा. चिकनच्या बाबतीत मात्र असा अंदाज नको, ७४ आचेवरच दिसू द्या.

मासे लवकर होतात, म्हणून त्यांना एवढंच: जाळी खूप तापवा, जाळीला आणि माशाला दोघांना तेल लावा, आणि ६० नंतर नजर हटवू नका.

धूर

स्मोकिंगमध्ये दोन कामं एकाच वेळी चालतात. मंद आचेवर मांस शिजतं आणि लाकडाच्या धुराने त्याला चव येते. नवखे बहुतेक जण दुसऱ्या कामाच्या नादात पहिलं विसरतात आणि लाकूड भरमसाट टाकतात. झाकणाबाहेर पांढरा, दाट, डोळ्यांना झोंबणारा धूर येत असेल तर लाकूड हवेअभावी घुसमटतंय. त्यात शिजलेलं मांस कडू लागतं, जिभेवर राळ बसल्यासारखं. हवाय तो पातळ, निळसर, जेमतेम दिसणारा धूर. पेटवल्यावर सुरुवातीचा पांढरा धूर जाऊ द्या, मगच मांस ठेवा.

लाकूड कठीण जातीचं आणि नीट वाळलेलं हवं: ओक, हिकरी, किंवा सफरचंद-चेरीसारखी फळझाडं. पाइन, देवदार अशी चिकाची लाकडं नकोत. रंगवलेलं, पॉलिश केलेलं लाकूड, प्लायवूड किंवा फर्निचरचे तुकडे अजिबात नकोत, त्यांच्या धुरात विष असतं. मुठीएवढे दोन-तीन तुकडे निखाऱ्यांवर ठेवले की कित्येक तासांना पुरतात. ते पाण्यात भिजवायची गरज नाही. पाणी लाकडात फारसं शिरत नाही, आणि वरवरचं पाणी उडून जाईपर्यंत निघते ती वाफ. गॅस ग्रिलवर लाकडाचे छोटे कपटे फॉइलच्या पुडीत बांधून, पुडीला चार छिद्रं पाडून, पेटत्या बर्नरवर ठेवा.

धूर थंड आणि ओलसर पृष्ठभागावर जास्त बसतो. त्यामुळे मांस फ्रीजमधून थेट ग्रिलवर गेलं तर उत्तमच, बाहेर काढून ठेवायची गरज नाही. बहुतेक चव पहिल्या दोन-तीन तासांतच लागते. मांस एकदा फॉइलमध्ये गुंडाळलं की पुढे लाकूड घालणं वाया.

चिकन स्मोक करायचं असेल तर जाळी १५० अंशांच्या वर ठेवा. ११० वर कातडी रबरासारखी होते आणि तिचं पुढे काहीच करता येत नाही.

दुसरा प्रयोग: अख्खा खांदा

लेगपीस दोन-चारदा जमले की दोन किलोच्या आसपासचा पोर्कचा किंवा मटणाचा खांदा घ्या. इथे थर्मामीटरची खरी किंमत कळते. जाळी ११० ते १२० अंशांवर ठेवायची, आणि वेळ साधारण सात ते दहा तास. एवढा फरक का, ते पुढे येईलच. जेवण रात्री आठला असेल तर सकाळी नऊच्या आत ग्रिल पेटलेला हवा. लवकर झालं तर गरम ठेवता येतं, पण उशीर झालेलं मांस कशानेच घाईला येत नाही.

इतका वेळ आच टिकवायला ब्रिकेट, म्हणजे ठरावीक आकाराचा दाबलेला कोळसा, सोयीचा. ग्रिलच्या आतल्या कडेने दोन-दोन ब्रिकेट शेजारी आणि त्यांच्यावर दोन, अशी अर्धगोल रांग लावा आणि एका टोकाला फक्त सात-आठ पेटते कोळसे ठेवा. आग सावकाश रांगेतून पुढे सरकते. लाकडाचे तुकडे रांगेच्या पहिल्या निम्म्या भागावर ठेवा. मधल्या मोकळ्या जागेत पाण्याचा ट्रे. पाणी १०० अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे आचेचे झटके ते शोषून घेतं, शिवाय टपकणारी चरबी त्यात पडते.

खांदा मसाला लावून जाळीवर ठेवा, प्रोब हाडापासून दूर, मध्यावर रोवा, दुसरा जाळीवर. वायर निखाऱ्यांवरून नेऊ नका, ती जळते. पहिले काही तास आकडा भराभर चढेल. ३०, ४५, ६०. मग ६५ ते ७५ च्या मध्ये कुठेतरी तो अडकेल. तास, दोन तास, कधी त्याहून जास्त. ६८ चे ६८ च. कधी एखादा अंश खालीही येतो.

नवख्यांचा धीर इथेच सुटतो आणि झडपा सताड उघडल्या जातात. तसं करू नका. आग विझलेली नाही आणि थर्मामीटरही बिघडलेला नाही. मांसाला घाम फुटलाय इतकंच: आतलं पाणी पृष्ठभागावर येऊन उडतंय, आणि उडताना जितकी उष्णता नेतंय तितकीच आगीकडून मिळतेय. पृष्ठभाग सुकला की आकडा पुन्हा चालू लागतो. हे अडकणं किती लांबेल ते तुकड्याचा ओलावा, हवेचा झोत आणि आचेवर ठरतं, म्हणून वेळेचा अंदाज सात ते दहा तास असा सैल द्यावा लागतो.

घाई असेल तर खांदा दुहेरी फॉइलमध्ये घट्ट गुंडाळा. बाष्पीभवन थांबतं आणि आकडा लगेच चढायला लागतो. त्याची किंमत म्हणजे बाहेरचं काळपट, खमंग कवच मऊ पडतं. मेण नसलेला जाड कागद वापरला तर दोन्हींचा मध्य साधतो. माझं मत विचाराल तर पहिल्या वेळी फॉइलच वापरा, कवचाची चिंता पुढच्या वेळी करा.

९० च्या पुढे गेल्यावर आकड्याबरोबर हाताचंही ऐका. ९३ ते ९६ च्या दरम्यान टोचणीचा प्रोब चार-पाच जागी घालून बघा. मऊ लोण्यात जावा तसा जराही अडथळा न लागता गेला की झालं. एखाद्या जागी घट्ट लागत असेल तर आकडा ९५ असला तरी अर्धा तास थांबा, कारण कोलॅजनला तापमानाइतकाच वेळही लागतो. हाड धरून हलवलं की सुटून यावं.

मग विश्रांती, किमान एक तास. गुंडाळलेला खांदा जुन्या टॉवेलमध्ये लपेटून थर्मल बॉक्समध्ये ठेवा आणि प्रोब आतच असू द्या. ६० अंशांच्या वर आहे तोवर तो तीन-चार तासही आरामात बसतो. बाहेर काढून दोन काट्यांनी तंतू सुटे करा आणि पुडीत साठलेला रस परत त्यात मिसळा.

ज्यात तडजोड नाही

कोळशाचा ग्रिल किंवा स्मोकर फक्त उघड्यावर पेटवायचा. खोली, गॅरेज, बंद बाल्कनी इथे खिडक्या उघड्या असल्या तरी नाही. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही, आणि तो माणसाला झोपेतच मारू शकतो. विझत आलेले निखारेसुद्धा तो सोडत असतात, म्हणून पाऊस आला म्हणून ग्रिल आत ओढायचा नाही. भिंत, पडदे, सुकं गवत यांपासून लांब ठेवा.

४ ते ६० अंश हा पट्टा जंतूंना वाढायला पोषक. कच्चं मांस ४ च्या खाली साठवा, गोठलेलं असेल तर फ्रीजमध्येच पूर्ण वितळू द्या, मगच ग्रिलवर. मध्यभागी बर्फ असलेला खांदा या पट्ट्यात फार रेंगाळतो. स्मोक करताना मध्य चार तासांच्या आत ६० पार करायला हवा. आग मध्येच विझली आणि केव्हा विझली ते कळलंच नाही, आणि आकडा तिशी-चाळिशीत अडकलेला असेल, तर ते मांस टाकून द्या, कितीही जिवावर आलं तरी.

शिजलेलं मांस दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये गेलं पाहिजे, बाहेर ३२ अंशांहून जास्त उकाडा असेल तर एका तासात. मोठा ढीग तसाच ठेवू नका, उथळ डब्यांत पसरा म्हणजे लवकर थंड होतो. पुन्हा गरम करताना ७४.

प्रोबचं टोक साबणाने धुवा, पण वायर जिथे धातूला जोडलेली असते तो सांधा पाण्यात बुडवू नका. बहुतेक प्रोब तिथूनच मरतात. जाळी गरम असतानाच घासा. तारेचा ब्रश वापरत असाल तर सुटलेल्या तारा जाळीला चिकटून जेवणात जाऊ शकतात, म्हणून नंतर ओल्या फडक्याने जाळी नक्की पुसा. दोन्ही झडपा बंद करून कोळसा आपोआप विझू द्या आणि राख दुसऱ्या दिवशी काढा. ती पूर्ण थंड झाल्यासारखी वाटली तरी झाकणाच्या पत्र्याच्या डब्यातच भरा, प्लास्टिकच्या बादलीत किंवा कचऱ्याच्या पिशवीत नको. राखेखाली निखारा दुसऱ्या दिवसापर्यंत धगधगत राहू शकतो.